खुलासा: ‘एएमव्ही’ ही एकट्या पाश्चात्त्य चाहत्यांची मिरास नव्हे
ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशनच्या) दृश्यांना गाणे जोडून चित्रफिती, म्हणजेच ‘एएमव्ही’ (ॲनिमे म्युझिक व्हिडिओ), बनवण्याचा छंद जपानमध्ये रुजलाच नाही, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. १९८२ मध्ये एका अमेरिकी चाहत्याने दोन व्हीसीआर जोडून ‘स्टार ब्लेझर्स’ या ॲनिमे मालिकेतील हाणामारी बीटल्सच्या प्रेमगीतावर बसवली, हे खरे, परंतु जपानची ‘मॅड’ (चाहत्यांनी केलेल्या अशाच जोडकामाची) परंपराही जुनी, थेट कॅसेटच्या जमान्यातली आहे आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘निकोनिको’ या जपानी व्हिडिओ संकेतस्थळावर ती फोफावली. फरक आहे तो आवडीनिवडीचा. ‘ड्रॅगन बॉल झी’ या ॲनिमे मालिकेला लिंकिन पार्क या अमेरिकी रॉक बँडची गाणी जोडण्याचा सोस पश्चिमेत इतका वाढला की त्याची थट्टाच झाली, जपानी चाहता मात्र अनेकदा दुसऱ्याच ॲनिमेचे शीर्षकगीत घेतो आणि श्रेयनामावलीची अक्षरेसुद्धा तालावर बसवून दीड मिनिटाचे हुबेहूब (अर्थात खोटे) शीर्षकदृश्य घडवतो.