‘तुमची तीही श्रद्धाच ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यात शिवीगाळ नाही, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. (नास्तिकतेवर लिहिणाऱ्यांना या वाक्यातलं कौतुक किती खरं आहे ते कळेल.) सृष्टी देवाने घडवली हे मुलांना विज्ञान म्हणून शिकवू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उत्क्रांती होताना कोणी पाहिलेली नाही. डोळा आपोआप, योगायोगाने घडणं अशक्य आहे हे खुद्द डार्विनने कबूल केलंय. दशावतारात हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. शाळेत दोन्ही बाजू शिकवाव्यात, मुलं ठरवतील. आणि शेवटी, धार्मिक घरं मुलांवर देव लादतात तसा तुम्ही डार्विन लादता, मग फरक काय?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे. पण त्याचं उत्तर आधीच्यांवर उभं आहे, म्हणून त्याला थोडं थांबावं लागेल.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी डार्विन वाचून नास्तिक झालो नाही. एकमेकांना खोटं ठरवणारे इतके धर्म, आणि कुणाचंही काही वाकडं न केलेल्यांच्या वाट्याला येणारं दुःख, यांचं कोडं मला शाळेतच पडलं होतं. जीवशास्त्र पुष्कळ नंतर आलं. उद्या उत्क्रांती साफ खोटी ठरली तर ‘सजीव कसे घडले ते मला माहीत नाही’ एवढंच मी म्हणेन. उलट बाजूने पाहा. विसाव्या शतकातल्या उत्क्रांतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतले थिओडोसियस डोब्झान्स्की श्रद्धावान ख्रिस्ती होते. मानवी जीनोम प्रकल्पाचं, म्हणजे माणसाची सगळी जनुकीय माहिती वाचण्याच्या कामाचं, नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्सही देव मानतात आणि उत्क्रांतीही मानतात. ‘देव की डार्विन’ हा सामना मी लावलेला नाही, तो सृष्टिवाद्यांनी, म्हणजे उत्क्रांती नाकारून सजीव देवाने घडवले असं मानणाऱ्यांनी, लावलाय.

आता ‘कोणी पाहिलं?’ जिवंत डोळ्यांनीच पाहायचं असेल तर जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग आहे. १९८८ साली त्यांनी एकाच जिवाणूच्या १२ वसाहती वेगवेगळ्या वाढवायला घेतल्या. तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर त्यांतल्या एकीला ऑक्सिजन असताना सायट्रेट नावाचं रसायन खाता येऊ लागलं, जे या जिवाणूला एरवी जमत नाही. पण मला त्याहून जास्त पटतं ते वेगळंच. शास्त्रज्ञांनी आधी सांगावं की अमुक ठिकाणी अमुक सापडेल, आणि ते सापडावं.

सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मांसल परांचे मासे सापडत होते आणि ३६ कोटींच्या आसपासच्या खडकांत चार पायांचे प्राणी. मधलं काही असेल तर ते मधल्या काळातल्या, उथळ पाण्यात साचलेल्या खडकांत असणार, असा जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तर्क होता. तसे खडक कॅनडाच्या पार उत्तरेला एल्समियर बेटावर उघडे पडले आहेत. १९९९ पासून तिकडे खेपा घालत २००४ साली त्यांना हवा तो जीवाश्म मिळाला: टिक्टालिक. अंगावर खवले, पर माशाचेच, पण परांच्या आत मनगटासारखी हाडं, आणि माशाला नसते तशी वळवता येणारी मान. वय सुमारे साडेसदतीस कोटी वर्षं.

एवढ्यावर थांबलो तर मी प्रचारक ठरेन. २०१० साली पोलंडमधल्या एका जुन्या खाणीतून बातमी आली की तिथे चार पायांच्या प्राण्याच्या पाऊलखुणा सापडल्यात आणि त्या सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत, म्हणजे टिक्टालिकच्याही आधीच्या. त्या खुणा नक्की कशाच्या यावर मतभेद आहेत. पण खऱ्या असतील तर टिक्टालिक हा आपला थेट पूर्वज असू शकत नाही. तो त्या मधल्या टप्प्यातल्या जिवांचा उशिरापर्यंत टिकलेला भाऊबंद ठरतो, आणि पाण्यातून जमिनीवर येण्याची तारीख मागे न्यावी लागते. ही अडचण कोणा सृष्टिवाद्याने शोधलेली नाही. ती उत्क्रांतीवरच काम करणाऱ्यांनी शोधली आणि जगातल्या आघाडीच्या विज्ञान नियतकालिकात छापून आणली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डोळ्याबद्दलचं डार्विनचं वाक्य तुम्ही बरोबर दिलंय, पण अर्धंच. डोळा नैसर्गिक निवडीने (जगायला उपयोगी बदल टिकत जाऊन) घडला असं म्हणणं अत्यंत हास्यास्पद वाटतं, असं त्याने १८५९ साली खरंच लिहिलं. लगेच पुढे तो म्हणतो की साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवता आल्या आणि प्रत्येक पायरी त्या त्या जिवाच्या उपयोगाची असली, तर ही अडचण खरी नाही. आणि पायऱ्या आजही जिवंत आहेत. प्लॅनेरिया या चपट्या कृमीला प्रकाश कुठून येतो एवढंच सांगणारी वाटी पुरते. नॉटिलसच्या डोळ्याला भिंगच नाही, नुसतं बारीक छिद्र आहे आणि आत समुद्राचं पाणी. राहता राहिला तुमचा ‘योगायोग’. बदल योगायोगाने होतात हे खरं, पण त्यांतले कोणते टिकतात हे योगायोगावर नसतं, आणि सगळी करामत त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. रचनाकाराच्या कौशल्याबद्दल बोलायचं तर आपल्या डोळ्यात चेतातंतू प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या पुढून जातात आणि बाहेर पडायला पडद्यालाच भोक पाडतात. तिथे आपल्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात ही भानगड नाही.

दशावताराबद्दल फार लिहित नाही. उत्क्रांती थोतांड आहे आणि ती आमच्या पूर्वजांनी आधीच सांगितली आहे, ही दोन्ही विधानं तुमच्या एकाच प्रतिक्रियेत आहेत. आधी त्यांचं आपसात मिटू दे. कासवाचा वराह होत नाही आणि वराहाचा नरसिंह तर नाहीच. उत्क्रांती फांद्या फुटत जाते, एकामागून एक रांगेत उभी राहत नाही. मत्स्य, कूर्म, वराह या कथा माझ्याही आवडीच्या आहेत. त्यांना जीवशास्त्राचं प्रमाणपत्र कशाला हवं?

‘दोन्ही बाजू शिकवा’ हे ऐकायला फार न्याय्य वाटतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी शाळा मंडळाने २००४ साली नेमकं हेच केलं. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचायचं ठरलं: डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत आणि ‘बुद्धिमान रचना’ (सजीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले हे मत) हा वेगळा पर्याय आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला आणि ११ पालक कोर्टात गेले. पालकांच्या बाजूने साक्ष देणारे पहिले तज्ज्ञ केनेथ मिलर हे जीवशास्त्रज्ञ श्रद्धावान कॅथलिक होते. मंडळाच्या बाजूचे तज्ज्ञ मायकेल बेही यांनी उलटतपासणीत मान्य केलं की विज्ञानाच्या सिद्धांताची त्यांची व्याख्या लावली तर तीत फलज्योतिषही बसेल. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नव्हे, धर्म आहे. जोन्स यांची नेमणूक उजव्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केली होती, त्यामुळे डाव्यांचा कट वगैरे म्हणायची सोय नाही. आणि बाजू दोनच का? सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा जगात शेकड्यांनी आहेत. बायबलच्याच पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस नंतर, तर दुसऱ्यात माणूस आधी. तुमची बाजू वर्गात घ्यायची तर बाकीच्यांना दार कोणत्या तोंडाने लावणार?

आता मूळ प्रश्न. लहानपणीच्या धार्मिक शिकवणुकीबद्दल डार्विनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मुलांच्या मनावर देवावरची श्रद्धा सतत ठसवली जाते. माकडाला सापाची उपजत भीती आणि तिरस्कार सोडणं जितकं अवघड, तितकंच त्यांना पुढे ती श्रद्धा सोडणं अवघड जात असावं, अशी शक्यता त्याने बोलून दाखवली. त्याची बायको एमा मनापासून धार्मिक. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने मुलाला विनंती केली की हे वाक्य छापू नकोस, वाचताना धक्का बसतो. १८८७ साली आत्मचरित्र त्या वाक्याशिवाय आलं. ते परत आलं १९५८ साली, डार्विनची नात नोरा बार्लो हिने संपूर्ण मजकूर प्रसिद्ध केला तेव्हा.

मला यात एमाचा राग येत नाही. त्या घरात ती मुलांना घेऊन चर्चमध्ये जायची आणि तो तेवढ्या वेळात बाहेर फिरायला जायचा. मतभेदावरून दोघांनी कुणाला घराबाहेर काढलं नाही. धार्मिक संस्कारांना माझा आक्षेप म्हणाल तर कथांना नाही, आरतीला नाही, सणांना नाही. उत्तराला भीती चिकटवली जाते, तिथे आहे. कोणता प्रश्न विचारला की घर गप्प होतं हे मुलांना फार लवकर कळतं, आणि मग ती तो प्रश्न विचारणं सोडतात. प्रश्न मात्र जात नाही.

याचं टोकाचं रूप पृथ्वीचं वय सहा-साडेसहा हजार वर्षं मानणाऱ्या घरांत दिसतं. आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या पिढ्या मोजून सृष्टीचं साल इ.स.पू. ४००४ काढलं. त्या काळी तो प्रामाणिक अभ्यासच होता. पण आज तेच मुलाला देवाचा शब्द म्हणून दिलं, आणि हे खोटं तर सगळंच खोटं असं वर बजावलं, तर पुढे कॉलेजात भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्याने खडकाचं वय मानायचं की आईला? ही निवड त्याच्यावर विज्ञानाने लादलेली नाही.

हे नास्तिक घरातही होऊ शकतं, इथे तुमचं बरोबर आहे. देव मानणारे सगळे मूर्ख, असं घोकलेली आणि जीवाश्म म्हणजे काय ते न सांगता येणारी मुलं मी पाहिली आहेत. ‘डार्विन म्हणतो म्हणून’ हे उत्तर ‘पोथीत लिहिलंय म्हणून’ याच्यापेक्षा वेगळं नाही. पण टिक्टालिक शिकवताना पोलंडच्या त्या पाऊलखुणाही सांगितल्या, तर मुलाच्या हातात उत्तरासोबत ते पाडायचं हत्यारही दिलं जातं. श्रद्धा लादणारा ते देत नाही. तुम्ही विचारलेला फरक एवढाच आहे आणि माझ्या मते तो पुरेसा आहे.

धर्म नसेल तर नीती कुठून येणार, याबद्दल इतकंच: ‘तिला जास्त, मला कमी का?’ हे भांडण देवाचं नावही नीट उच्चारता येत नसलेली मुलं करतात.

उद्या तुमची मुलगी देवभक्त निघाली तर काय कराल, असंही तुम्ही विचारलंय. निघू शकते. आजीचा तिच्यावर माझ्याइतकाच हक्क आहे, आणि देव आहे का हे तिने विचारलं तेव्हा ‘मला नाही वाटत, आजीला वाटतं, तिलाही विचार’ असंच मी सांगितलं होतं. ती पूजा करू लागली तर मी वाद घालेन आणि बहुधा हरेन. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं म्हणाली तर मात्र भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) ४५५ कोटी वर्षं हा आकडा कसा काढला ते तिच्यापुढे मांडेन आणि चूक कुठे आहे ते दाखव म्हणेन. तुम्हालाही तेच म्हणतो. शिशाचं गणित अवघड नाही. सवडीने बघा आणि खोट सापडली तर जरूर लिहा.