'ॲडव्हान्स्ड' नावाचं दार

तक्रार एवढीच होती की आतल्या खोलीत वायफायची एकच दांडी येते. शहाण्या माणसाने खुर्ची दारापाशी सरकवली असती. मी ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंग्जचा पत्ता, १९२.१६८.१.१, टाकला.

पासवर्ड राउटरच्या डब्याच्या बुडाला, मुंगीच्या अक्षरात. आणि डबा लोखंडी कपाटामागे. फटीतून हात घालून, अंदाजाने मोबाइल धरून फोटो काढला. पहिले तीन भिंतीचे आले.

आत शिरलो तर 'ॲडव्हान्स्ड'च्या शेजारी इशारा: माहिती असल्याशिवाय बदल करू नयेत. आमच्या घराण्यात 'करू नये' हे आमंत्रण समजतात.

बीकन इंटरव्हल १००. म्हणजे डबा सेकंदाला जवळजवळ दहा वेळा 'मी इथे आहे' असं ओरडत असतो. बिचाऱ्याला विसावा मिळावा म्हणून १००० केलं. मग मोबाइलला तो सापडेचना. त्याखाली आरटीएस थ्रेशोल्ड, म्हणजे माहितीचं पाकीट केवढं मोठं झालं की पाठवण्याआधी परवानगी मागायची तो आकडा: २३४७. हा आकडा कुठून आला? शोधलं तर जुन्या नियमाप्रमाणे पाकीट २३४६ बाइटच्या वर जातच नव्हतं. तेव्हा २३४७ म्हणजे 'ही सोय बंद'. मग सरळ 'बंद' लिहायला काय धाड भरली होती?

शेजारपाजारचे सगळे १, ६ नाहीतर ११ या चॅनलवर. गर्दी टाळावी म्हणून मी ऐटीत ३ निवडला. १, ६ आणि ११ एकमेकांच्या पायात येत नाहीत म्हणून लोक तिथे बसतात, हे नंतर कळलं. ३ वर बसलेल्याला १ चाही कलकलाट आणि ६ चाही. मग वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, पाच गिगाहर्ट्‌झवर ५२ नंबरचा चॅनल लावला, तर वायफायच गायब! हा चॅनल रडारही वापरतं, म्हणून आसपास रडार आहे का, हे डबा मिनिटभर कान देऊन ऐकत होता म्हणे. तेवढ्यात बाहेरून, "अहो, तुम्ही काही केलंत का?"

"नाही," मी म्हणालो.

'एपी आयसोलेशन' मात्र सुरक्षेचं वाटलं, म्हणून टिक केलं. त्या क्षणापासून लॅपटॉप आणि प्रिंटर एका छपराखाली राहून एकमेकांना ओळख दाखवेनात.

शेवटी डबा कपाटामागून ओढून काढला, भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली. सगळं मूळपदावर. नाव-पासवर्ड पुन्हा जुनेच घातले आणि दमून डबा तिथेच, कपाटावर ठेवला.

आतल्या खोलीत आता तीन दांड्या येतात. कसं जमवलंत, असं घरचे विचारतात. मी गंभीरपणे 'बीकन इंटरव्हल' म्हणतो.