विलनमध्ये व्हिलन शोधणाऱ्यांसाठी

परवा रात्री साडेदहाला दिरांचा फोन आला. भाऊजी नऊला झोपणारे, त्यामुळे छातीत धस्स झालं. पलीकडून पहिलंच वाक्य, "वहिनी, मी पोरीचं तिकीट रद्द करून राहिलो."

पुतणीला इंग्लंडात मिल्टन कीन्सला नर्सची नोकरी लागली आहे. आमचा मुलगा तिथेच, विलन नावाच्या भागात राहतो. सुरुवातीचे दोन महिने ती त्याच्याकडे राहणार असं ठरलं होतं. सगळं नीट चाललं होतं, आणि भाऊजींच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. तोच दुसऱ्या दिवशी आमच्या भिशीच्या ग्रुपवर, तिसऱ्या दिवशी माझ्या माहेरच्या ग्रुपवर.

"परदेशात लेकरं पाठवणाऱ्या आईबापांनो, सावधान!!!" अशी सुरुवात आणि "किमान दहा जणांना पाठवा" असा शेवट. मधला मजकूर थोडक्यात असा: मिल्टन केन्स हे १९६७ साली ओसाड माळावर उभं केलेलं नकली शहर आहे. मिल्टन कवी आणि केन्स अर्थतज्ज्ञ यांची नावं जोडून त्याचं नाव बनवलं. तिथं पायी चालायला बंदी आहे. हॉस्पिटल नाही, आहे ते फक्त मरणाची वाट बघायचं घर. घरं गळतात. गाईसुद्धा सिमेंटच्या. विलनमधलं तळं म्हणजे गावाचं सांडपाणी. आणि त्या तळ्याकाठी एका जपानी अघोरी पंथाचा मठ आहे, तिथं ढोल वाजवून एकट्या राहणाऱ्या तरुण पोरापोरींना जाळ्यात ओढतात. "भागाच्या नावातच विलन आहे, अजून काय पुरावा पाहिजे?"

मी तिथं दोनदा राहून आले, एकदा तर सलग पाच महिने. ज्याने हे लिहिलं तो लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पुढे गेला असेल असं वाटत नाही.

नावापासूनच सुरू करू. विलन हा शब्द जुन्या इंग्रजीतला, अर्थ "विलोच्या झाडांपाशी". नदीकाठी वाढणारं, वाकलेल्या फांद्यांचं ते झाड. त्याच जातकुळीतल्या आपल्याकडच्या झाडाला वाळुंज म्हणतात, आणि वाळुंज नावाची गावं पुण्या-नगरकडे आहेत. तिथल्या लोकांना कुणी खलनायक म्हणत नाही. पुढे.

"मिल्टन अधिक केन्स" ही गंमत इंग्लंडातही सांगतात, त्यामुळे फॉरवर्डवाल्याला एकट्याला दोष देत नाही. पण मुळात उच्चार बघा. अर्थतज्ज्ञ केन्स, शहर कीन्स. आणि इथे माझ्याकडे एकच पुरावा आहे, पण तो भक्कम आहे. इंग्लंडात काउंटीनिहाय, म्हणजे जिल्हावार, इतिहासाची जाडजूड मालिका आहे, 'व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी'. तिचा बकिंगहॅमशायरचा चौथा खंड १९२७ साली छापला. त्यात मिल्टन कीन्स गावावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि विलनवरही आहे. इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. १९२७! नव्या शहराच्या घोषणेच्या चाळीस वर्षं आधी. अर्थतज्ज्ञ केन्स तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, हयात होते. त्यांच्या नावाचं गाव त्यांच्या जन्माआधी शेकडो वर्षं कसं काय वसलं, हे फॉरवर्डवाल्याने सांगावं.

खरं असं की १०८६च्या डोम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या गावोगावच्या जमिनींच्या नोंदीत, हे गाव 'मिडलटोन' म्हणून येतं, म्हणजे आपल्या भाषेत मधली वाडी. पुढे काहेन नावाचं नॉर्मन, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेलं, घराणं तिथलं मालक झालं आणि त्यांचं नाव गावाला चिकटलं. आता नाखुशीने एक कबूल करते. अर्थतज्ज्ञांचं आडनावही त्याच नॉर्मन मुळाशी जातं म्हणतात. म्हणजे दोघांचं आडनावाचं नातं आहे, पण गाव थोरलं.

"ओसाड माळ" म्हणे. २३ जानेवारी १९६७ला सरकारने नव्या शहरासाठी जी हद्द आखली, तिच्यात तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास माणसं राहत होती. ब्लेचली, वुल्व्हर्टन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड अशी तीन गावं आणि डझनभर खेडी. वुल्व्हर्टनला १८३८पासून रेल्वेचा कारखाना. ब्लेचली पार्कमध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडले, गणितज्ज्ञ ॲलन ट्युरिंग तिथेच काम करत. रोमन लोकांनी केलेला वॉटलिंग स्ट्रीट शहराच्या हद्दीतून जातो. आणि २०००मध्ये मंक्स्टन भागात एका मडक्यात कांस्ययुगातले सोन्याचे गळ्यातले आणि कडी सापडली, वजन दोन किलोहून किंचित जास्त. सराफी हिशेबाने दोनशे तोळे! ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीन हजार वर्षांपूर्वी ओसाड माळावर कुणी दोनशे तोळे पुरून ठेवत नाही.

खुद्द विलनमध्ये विटांचं एक छोटं चर्च आहे, १६८०चं. कुणी बांधलं माहीत आहे? रॉबर्ट हूकने. शाळेत 'हूकचा नियम' पाठ केला ना, स्प्रिंगचा? पेशीला 'सेल' हे नाव देणारा तोच हूक. मी तीस वर्षं मुलांना तो नियम शिकवला आणि त्याने इमारतीही बांधल्या हे मला त्या चर्चच्या दारात उभी राहिल्यावर कळलं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड बझबी यांनी आपल्या विद्यार्थ्याला, म्हणजे हूकला, ते काम दिलं होतं. मुख्याध्यापकांनी माजी विद्यार्थ्याकडून बांधून घेतलेली वास्तू, म्हणून मला जरा जास्तच आवडली.

चालायला बंदी: हा शोध कसा लागला असेल ते मी सांगू शकते. शहरभर साधारण किलोमीटर-किलोमीटर अंतरावर आडवे-उभे मोठे रस्ते आहेत. आडव्यांना एच, उभ्यांना व्ही. विलनपासून जातो तो व्ही १०, ब्रिकहिल स्ट्रीट. (म्हणजे नंबर आहेत तसं नावही आहे.) या रस्त्यांवर गाड्या सुसाट जातात आणि बहुतेक ठिकाणी कडेला फुटपाथ नाही. टॅक्सीतून बघणाऱ्याला वाटणार, बंदी आहे. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी 'रेडवे' नावाचे लालसर डांबराचे वेगळे रस्ते आहेत, अडीचशे किलोमीटरहून जास्त, आणि ते मोठ्या रस्त्यांच्या खालून जातात. चौकात जीव मुठीत धरून धावावं लागत नाही. आमच्या बजाज चौकात एकदा उभे राहा आणि मग मला बंदी कुठे आहे ते सांगा. हां, डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो आणि तेव्हा त्या बोगद्यांतून एकटीने जायला मला आवडत नसे. सून तर उशीर झाला की मुलाला बोलावून घ्यायची. हे पुतणीला मी आधीच सांगितलं आहे.

बागा आणि तळ्यांबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. १९९२ साली नवं शहर उभारणारं महामंडळ गुंडाळलं, तेव्हा बागांसाठी स्वतंत्र ट्रस्ट केला आणि दुकानं-कचेऱ्यांच्या इमारती त्याच्या नावे करून दिल्या. त्यांच्या भाड्यावर बागा चालतात. आपल्याकडे देवाच्या दिवाबत्तीला इनामी जमीन असायची, तसं.

तळ्याचं म्हणाल तर तिथे फॉरवर्डवाल्याने पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांची सरमिसळ केली आहे. शहर झालं की जमिनीवर डांबर आणि छपरं येतात, पाऊस मुरत नाही, सगळं पाणी एकदम नदीत धावतं. इथली नदी ऊझल. तिच्या खालच्या अंगाला न्यूपोर्ट पॅग्नेल गाव आहे, ते बुडू नये म्हणून पुराचं पाणी आधी विलनच्या तळ्यात घ्यायचं आणि मग हळूहळू सोडायचं, अशी ती योजना. उत्तरेचं तळं पक्ष्यांना राखलेलं, दक्षिणेच्या तळ्यात होड्या. गटाराच्या पाण्यात कुणी होडी उलटवून खिदळत नाही.

गाई खरंच सिमेंटच्या आहेत. १९७८ साली लिझ ली नावाच्या शिल्पकार बाईंनी केलेल्या, तीन गाई, तीन वासरं. शिल्प आहे ते. पुढचा मुद्दा.

हॉस्पिटल. भाऊजी, हॉस्पिटलच नाही तर तुमच्या मुलीला नर्स म्हणून कशाला बोलावलं, त्या सिमेंटच्या गाईंना इंजेक्शन द्यायला? ईगलस्टोन भागात मोठं हॉस्पिटल आहे, १९८४पासून. पण या एका मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते लपवायचं कारण नाही. शहर १९६७चं आणि हॉस्पिटल १९८४चं, म्हणजे सतरा वर्षं लोकांनी ओरड केली. "मिल्टन कीन्स इज डाइंग फॉर अ हॉस्पिटल" अशी त्यांची घोषणा होती. हॉस्पिटलसाठी जीव चाललाय, दोन्ही अर्थांनी. मुख्य रेल्वे स्टेशनसुद्धा १९८२ला आलं. आधी घरं, मग सोयी, हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या ले-आउटमध्ये नळ कधी आले आठवा. गळक्या छपरांचंही तसंच. बीनहिल भागात नॉर्मन फॉस्टरसारख्या नामांकित वास्तुकाराने सपाट छपरांची घरं केली, ती गळली, मग वर उतरती छपरं चढवावी लागली. मुलाचं घर विटांचं आहे, छप्पर उतरतं आहे, आणि मी तिथे पाच महिने पाऊसच बघितला.

"मरणाची वाट बघायचं घर" या शब्दांचा मात्र राग आला. विलनमध्ये हॉस्पिस आहे. ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांच्या वेदना कमी करायच्या, घरच्यांना धीर द्यायचा, हे तिथलं काम, आणि तेही पैसे न घेता. माझ्या आईच्या शेवटच्या दोन महिन्यांत असं काही आमच्या आसपास असतं तर मी त्याला असल्या नावाने हाक मारली नसती.

आता तो 'अघोरी पंथ'. भाऊजींचा फोन खरा यासाठीच होता. बाकीचं त्यांनी सोडून दिलं असतं.

तळ्याकाठी पांढरा शांतिस्तूप आहे. १९८०मध्ये झाला, पाश्चिमात्य देशांतला अशा प्रकारचा पहिला मानतात. बांधला निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध संघाच्या भिक्षू-भिक्षुणींनी. त्या संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी. आणि फुजी गुरुजींना गांधीजी कुठे भेटले? वर्ध्यात, १९३३ साली! लंडनचं नाही, टोकियोचं नाही, आपल्या वर्ध्याचं सांगते आहे. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेची सुरुवात कशाने होते? "नम्यो हो रेंगे क्यो." तो मंत्र या लोकांचा. भाऊजी, तुम्ही पाचवीत असताना शाळेच्या सहलीला बापूकुटीत बसून तो म्हटला आहे, मला तुम्हीच सांगितलंत. गीताई मंदिराजवळच्या विश्वशांती स्तुपापुढे तुमच्या लग्नानंतर आपण सगळ्यांनी फोटो काढला, जाऊबाईंची हिरवी साडी आहे बघा त्यात. तो स्तूप त्याच संघाचा. मग तिथे पंथ अघोरी नव्हता, आणि तळ्याच्या काठी गेल्यावर झाला?

ढोल म्हणजे हातपंख्यासारखा चपटा डफ. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात काठी, तोंडाने मंत्र, एवढंच. हिरोशिमा-नागासाकीनंतर फुजी गुरुजींनी ठिकठिकाणी शांतिस्तूप बांधायचं काम हाती घेतलं, ते अणुबॉम्ब पुन्हा पडू नये म्हणून. विलनच्या स्तुपावर बुद्धाचं चरित्र कोरलेलं आहे, जन्मापासून कुशीनगरपर्यंत. मी फेरी मारत ते नातवाला समजावून सांगितलं. दोन्ही मुक्कामांत मिळून दहा-बारा वेळा तरी तिथे जाऊन बसले असेन. कुणी नाव विचारलं नाही, पत्रक हातात दिलं नाही, वर्गणी तर नाहीच. वर्गणी न मागणारा पंथ! जाळं टाकायचं तर निदान पावतीपुस्तक तरी हवं. पहिल्या मुक्कामात नोव्हेंबरात मला घरची इतकी आठवण यायची की सुनेला कळू नये म्हणून मी तळ्यावर जाऊन रडायचे, आणि एके दिवशी तो डफ आणि तो मंत्र कानावर आला. परक्या मुलखात सेवाग्रामची प्रार्थना! त्या दिवशी घरी येऊन पोळ्या लाटल्या, पहिल्यांदा गोल आल्या.

म्हणून या मुद्द्यावर माझा आवाज फोनवर जरा चढला, त्याबद्दल माफी नाही.

आता भाऊजी, हे वाचत असालच, कारण जाऊबाईंना मी आधीच पाठवलं आहे. तिकिटाला अजून हात लावू नका. रविवारी दोघं वर्ध्याला या, पोरीलाही आणा. संध्याकाळी सेवाग्रामच्या प्रार्थनेला जाऊ. जेवायला वांग्याची भाजी आणि भाकरी करते. आणि येताना तिच्या पासपोर्टची झेरॉक्स आणा, मुलगा तिसऱ्यांदा मागतो आहे.