विलार्डबाईंच्या हातात कुऱ्हाड नव्हती

कुठे दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांचं मतदान लागलं की एक ठरलेला मेसेज फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: अमेरिकेतल्या फ्रान्सिस विलार्ड नावाच्या कर्मठ म्हातारीने कुऱ्हाडीने गुत्ते फोडले, देशावर दारूबंदी लादली, त्यातून चोरट्या दारूवर पोसलेला अल कपोन हा गुंड निपजला, बिनलग्नाच्या बाईला दुसऱ्याच्या ग्लासात डोकावण्याशिवाय उद्योग नव्हता. चार ओळींत इतक्या चुका करायलाही कसब लागतं.

आधी कुऱ्हाड. ती कॅरी नेशन या दुसऱ्याच दारूविरोधी बाईची. तिने कॅन्ससमधले गुत्ते फोडायला घेतले १९०० साली, आणि विलार्ड फेब्रुवारी १८९८ मध्येच वारल्या होत्या. (कॅन्ससमध्ये १८८१ पासून दारूबंदी होती, म्हणजे फुटले ते गुत्तेही बेकायदाच. पण हे मेसेजमध्ये कशाला येईल?)

दारूबंदी विलार्डबाईंना हवी होती, हे खरं. पण देशभर ती लागू झाली जानेवारी १९२० मध्ये, त्या गेल्यावर जवळपास २२ वर्षांनी. रेटली मुख्यतः अँटी-सलून लीग या गुत्तेविरोधी संघटनेने. शिवाय पहिल्या महायुद्धात जर्मन वंशाच्या बिअरवाल्यांवर लोकांचा राग होताच. कपोनचं खापर फोडायचंच तर डोकी बरीच आहेत.

आता 'उद्योग नव्हता' हे. १८७९ पासून मरेपर्यंत त्या वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन या बायकांच्या दारूविरोधी संघटनेच्या अध्यक्ष होत्या. त्याच वर्षी इलिनॉय राज्यात त्यांनी लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज विधिमंडळापुढे नेला. मागणी एकच: गावात दारूचा परवाना द्यायचा की नाही, यावर बायकांनाही मत देऊ द्या. आपल्याकडची उभी बाटली-आडवी बाटलीच म्हणा ना! फरक इतकाच, की तिथल्या बायकांना तेव्हा विधिमंडळाच्या निवडणुकीतही मत नव्हतं. अर्ज बासनात गेला. नवऱ्याने पगार गुत्त्यात उडवला तर बायकोने करायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता; ग्लासातल्या द्रवाशी वैर नव्हतं.

तिथून त्या पुढेच सरकत गेल्या. कामगारांना आठ तासांचा दिवस, मुलींचं संमतिवय. तेव्हा बऱ्याच राज्यांत ते १० होतं, डेलावेअरमध्ये तर ७. आपल्याकडे १८९१ मध्ये ते १० वरून १२ करताना केवढं रण माजलं, ते आठवा. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी १८८७ मध्ये संस्था निघाली, तिच्या उपाध्यक्षांत विलार्ड होत्या. रमाबाईंच्या शारदा सदनामागे त्याच संस्थेचा पैसा होता. आणि ही 'कर्मठ म्हातारी' पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकली, सायकलीला ग्लॅडिस असं नावही ठेवलं.

मात्र उत्तरादाखल जे त्यांना देव्हाऱ्यात बसवतात, त्यांनाही माझा हात जोडून नकार. दोष काढायचाच तर खरा काढा. १८९० च्या एका मुलाखतीत त्यांनी दक्षिणेतल्या काळ्या लोकांची तुलना टोळधाडीशी केली, दारूच्या गुत्त्याला त्यांच्या ताकदीचं केंद्र म्हटलं. लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने काळ्या लोकांना ठार मारण्याविरुद्ध, लढणाऱ्या आयडा बी. वेल्स यांनी १८९४ मध्ये ती मुलाखत इंग्लंडमध्ये पुन्हा छापून आणली. त्याच वर्षी युनियनच्या क्लीव्हलंड अधिवेशनात, अध्यक्षीय भाषणात, विलार्डबाईंनी माफी मागायची सोडून वेल्स यांनाच चार शब्द सुनावले.