सही करून दिली म्हणजे गाडी सुटली असे नाही

जुनी स्कूटर किंवा मोटार विकताना आरटीओच्या फेऱ्या मारण्याची काहीच गरज नाही, असे सांगणारा एक संदेश गेले काही महिने ठाण्यात मोबाइलवर फिरतो आहे. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गटात तो दोनदा आला आणि परवा वाशीच्या मावसभावाने तोच पुन्हा पाठवला. त्याचा आशय असा: मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या करून द्याव्यात, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर विक्रीचा करार नोटरी करून घ्यावा आणि पैसे मोजून घ्यावेत, तेवढ्याने मालकाची जबाबदारी संपते. नाव बदलून घेणे हे घेणाऱ्याचे काम आहे, विमा गाडीबरोबर आपोआप जातो, दुकानदाराला विकली तर एवढेही पाहावे लागत नाही, आणि गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर तिची नोंदच संपलेली असल्यामुळे कागदांचा प्रश्न उद्भवत नाही. शेवटी ‘सर्वांना पाठवा’ असे लिहिले आहे आणि लोक तो खरोखरच पाठवत आहेत. यातली बहुतेक विधाने चुकीची आहेत, आणि जी अर्धवट खरी आहेत ती अधिक नुकसान करणारी आहेत, म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देतो.

सह्या केल्या, करार केला आणि जबाबदारी संपली, हे या संदेशाचे मुख्य म्हणणे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २(३०) मध्ये ‘मालक’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे आणि ती सरळ आहे: गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे तो मालक. पैसे कोणी मोजले, चावी कोणाकडे आहे, रोज गाडी कोण चालवतो, हे त्या व्याख्येत येत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हाच अर्थ ठामपणे लावला. त्या प्रकरणात नोंदणीकृत मालकाने मोटार २००७ साली विकली होती, ती पुढे आणखी काही जणांच्या हातांतून गेली होती, आणि २००९ साली तिच्याखाली सापडून एका लहान मुलाचा मृत्यू झाला. इतक्या वेळा विकल्या गेलेल्या गाडीची भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न होता. न्यायालयाने ती जबाबदारी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी-प्रमाणपत्रावर, ज्याचे नाव होते त्याच्यावर ठेवली. अपघातग्रस्त कुटुंबाने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे असा माग काढत फिरावे अशी अपेक्षा कायदा करत नाही, हे त्यामागचे कारण आहे, आणि अपघातात माणूस गमावलेल्या घराच्या बाजूने पाहिले तर ते मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

नोटरी केलेल्या कराराला काहीच किंमत नाही असे माझे म्हणणे नाही. तो करार विकणारा आणि घेणारा या दोघांमधला पुरावा आहे. त्याच्या आधारे तुम्ही नंतर खरेदीदाराकडून नुकसान वसूल करू पाहू शकता. परंतु अपघातातल्या तिसऱ्या माणसाला, वाहतूक पोलिसांना किंवा आरटीओच्या नोंदीला तो बांधून ठेवत नाही. शिवाय तो खरेदीदार सापडला पाहिजे, आणि गाडी तीन हात पुढे गेलेली असली की तो सहसा सापडत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो. माझी दहा वर्षे वापरलेली एमएच-०४ ची स्कूटर मी २०२२ साली कळव्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानात विकली. दुकानदाराने दोन्ही फॉर्म समोर ठेवले, त्यांवर खरेदीदाराचे नाव आणि तारीख या दोन्ही जागा कोऱ्या होत्या, आणि ‘गिऱ्हाईक मिळालं की भरतो, साहेब’ असे तो म्हणाला. मी सही केली. साधारण दीड वर्षाने मोबाइलवर ई-चलान आले. त्यातला फोटो उघडला तेव्हा शिळफाट्याच्या बाजूच्या रस्त्यावर त्या स्कूटरवर तीन मुले बसलेली दिसली, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि पुढच्या पत्र्यावर माझ्या मुलीने चौथीत असताना चिकटवलेले निळे फुलपाखरू अजून तसेच होते. चालवणारा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा वाटत होता. दंडाच्या रकमेपेक्षा त्या चेहऱ्याने माझी झोप उडाली. कारण अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि कागदावर तो मालक मी होतो. करारावर दुकानदाराच्या माणसाचे केवळ पहिले नाव होते आणि खाली दिलेला क्रमांक बंद होता. सहा आठवडे खेटे घातल्यावर स्कूटर एकदाची दुसऱ्याच्या नावावर गेली. त्या सहा आठवड्यांत ती मुले कोणाला धडकली नाहीत, एवढेच माझे नशीब.

नाव बदलणे हे घेणाऱ्याचे काम, हे विधान अर्धे खरे आहे. कलम ५० मध्ये दोघांचीही कामे नेमून दिली आहेत. गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला विक्रीची खबर द्यायची असते, आणि तिची प्रत खरेदीदारालाही पाठवायची असते. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपली खबर देऊन नाव चढवून घ्यायचे असते. फॉर्म २९ हीच ती विकणाऱ्याने द्यायची खबर आहे. म्हणजे जो कागद आपण कोरा सही करून दुसऱ्याच्या हातात देतो, तो खरे तर आपणच नेऊन द्यायचा कागद आहे. फॉर्म ३० हा दोघांचा मिळून अर्ज आहे. कोऱ्या फॉर्मवर सही करणे म्हणजे आपली गाडी कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेला जावी हे ठरवण्याचा अधिकार अनोळखी माणसाला देऊन टाकणे होय. फॉर्म २९ ची पोच आपल्याकडे असणे फार उपयोगाचे आहे, पण २०१८ च्या निकालानंतर केवळ पोचेवर निर्धास्त राहता येत नाही. आरसीवर नवे नाव दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

विमा आपोआप जातो, या विधानाने सर्वांत जास्त माणसे फसतात, कारण ते एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. कलम १५७ प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की विम्याचे प्रमाणपत्रही खरेदीदाराकडे गेले असे मानले जाते, आणि खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. मात्र हे आपोआप जाणे केवळ तृतीय पक्षाच्या विम्यापुरते आहे, म्हणजे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या नुकसानीपुरते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असा जात नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर आणि गाडी नव्या मालकाची, अशा अवस्थेत गाडी चोरीला गेली किंवा पावसाळ्यात तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पाण्याखाली गेली, तर जुन्या मालकाचा गाडीत हितसंबंध उरलेला नसतो आणि नव्याचा विमा कंपनीशी करार झालेला नसतो. दावा दोघांचाही बसत नाही. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमासुद्धा नावानिशी असतो. विकत घेतलेल्या स्कूटरवरून पडून खरेदीदार दगावला, तर जुन्या मालकाच्या नावावरच्या त्या विम्यातून त्याच्या घरच्यांना काहीही मिळत नाही. तो विकत घेणारा बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमी मिळकतीचा असतो, हे विकताना कोणी लक्षात घेत नाही.

विकणाऱ्याचेही यात पैशाचे नुकसान आहे. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जिला सगळे एनसीबी म्हणतात, ती गाडीची नसून मालकाची असते. ती वीस टक्क्यांपासून सुरू होऊन पन्नास टक्क्यांपर्यंत वाढते. गाडी विकल्याचे कागद दाखवून विमा कंपनीकडून तिचे पत्र घेतले, तर ती तीन वर्षांच्या आत आपल्या नव्या गाडीला लावता येते. नव्या मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता समजा सोळा हजार असेल, तर पन्नास टक्क्यांच्या सवलतीने त्यातले आठ हजार वाचतात. पण विकल्याचे कागदच नीट नसतील तर हे पत्र मिळवणे अवघड होते.

मोटार असेल तर फास्टॅगही पाहावा लागतो. मुलुंड, ऐरोली आणि वाशीचे टोलनाके ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना माफ झाल्यामुळे ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेकांना काचेवरच्या त्या पट्टीची आठवणच राहत नाही. खालापूरच्या नाक्यावर पैसे कापल्याचा निरोप आला की मग ती होते. गाडी देण्याच्या दिवशीच फास्टॅग बंद करून शिल्लक परत मागावी.

दुकानदाराला विकली की प्रश्न मिटला, असे मीही समजत होतो. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आलेली आहे. नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकृत झालेल्या व्यापाऱ्याला गाडी दिली आणि फॉर्म २९सी ची सूचना ऑनलाइन भरली, की पुढे गाडी विकली जाईपर्यंत तो व्यापारीच मालक मानला जातो आणि त्या काळातल्या घटनांची जबाबदारी त्याची असते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न भावाचा न विचारता अधिकृत प्रमाणपत्राचा विचारावा, आणि २९सी भरल्याचा पुरावा हातात आल्याखेरीज चावी देऊ नये. प्रमाणपत्र नसलेला दुकानदार या बाबतीत रस्त्यावरच्या कोणत्याही अनोळखी माणसासारखाच असतो.

पंधरा वर्षांनंतर नोंद संपते, या विधानात नोंदणीची मुदत आणि मालकाची नोंद यांची गल्लत झालेली आहे. खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणी करून ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवता येते. न वाढवली तरी मालक म्हणून आपले नाव नोंदीत राहतेच. अशी गाडी गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी आणि गाडी तिथे जमा केल्याचे ठेव-प्रमाणपत्र घेऊन नोंदणी रद्द करून घ्यावी.

आता उरला फेऱ्यांचा मुद्दा. संदेश लिहिणाऱ्याची खरी तक्रार हीच असावी, आणि एके काळी ती रास्तही होती. आज अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो आणि हस्तांतरणाचे मूळ शुल्क दुचाकीला १५० व खासगी मोटारीला ३०० रुपये आहे. काम अडते ते इतर कारणांनी. कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण बँकेचे ना-हरकत पत्र (एनओसी) आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरची कर्जाची नोंद कोणी उतरवलेली नसते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, लावलेली नसते. जुनी चलाने थकलेली असतात. आणि अनेकदा गाडीच्या नोंदीत मोबाइल क्रमांक आपला नसतोच. गाडी घेताना शोरूममधल्या माणसाने आपला क्रमांक टाकलेला असतो, त्यामुळे ओटीपीही त्याच्याकडे जातो आणि चलानही. गाडी विकायची ठरली की जाहिरात देण्याआधी हे सगळे उरकावे.

इतके मागितले तर गिऱ्हाईक पळून जाते, असेही त्या संदेशात एका ओळीत म्हटले आहे. गेल्या वर्षी आमची मोटार मी मानपाड्याच्या एका शिक्षक गृहस्थांना विकली. त्यांना आधीच सांगितले की ठरलेल्या किमतीखेरीज पाच हजार रुपये अनामत माझ्याकडे राहतील आणि आरसीवर तुमचे नाव आले की परत मिळतील. त्यांनी घरी विचारून सांगतो म्हटले आणि दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन आले. आमच्याच जेवणाच्या टेबलावर अर्ज भरला, फॉर्मवर त्यांचे नाव आणि तारीख माझ्यासमोर लिहिली, एकमेकांच्या ओळखपत्रांच्या प्रती घेतल्या आणि गाडी कोणत्या वेळी दिली ते पावतीवर नोंदवले. सुमारे तीन आठवड्यांनी त्यांनी नव्या आरसीचा फोटो पाठवला. तो संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून पाहिला आणि त्याच दुपारी त्यांचे पाच हजार परत केले.