तक्रार आढळली नाही

गेल्या शुक्रवारी दुपारी एका तरुण मेकॅनिकने माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून माझ्याविषयी लेखी निष्कर्ष काढला. शेऱ्याच्या रकान्यात त्याने ‘तक्रार आढळली नाही’ असे लिहिले, त्याखाली सही करण्यासाठी पेन माझ्याकडे सरकवले आणि भेटीचे ५९० रुपये घेऊन तो निघून गेला. मी सहीही केली, याचा राग अजून गेलेला नाही.

तक्रार साधीच होती. आमच्या पार्ल्याच्या घरातल्या नऊ वर्षे जुन्या, दीड टनाच्या स्प्लिट एसीचा आतला पंखा, ज्याला सगळे ब्लोअर म्हणतात, रात्री मधूनच बंद पडत असे. बाहेरचा कॉम्प्रेसर मात्र गुरगुरत राही, त्यामुळे थंडावा खोलीत यायचा सोडून कॉइलवरच बर्फ होऊन साचे आणि पंख्याच्या पुन्हा मनात आले की तो बर्फ वितळून माझ्या उशीवर ठिबके. ऑक्टोबरच्या उकाड्यात, दिवसाचा पारा ३५ अंशांवर जात असताना, ओल्या उशीवर घामाघूम होऊन झोपण्याचा अनुभव मी कोणालाही सुचवणार नाही. पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला तयार नसलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, पण हे यंत्र पाहुण्यांसमोरच तेवढे पाढे म्हणे. मेकॅनिक दहा मिनिटे एसीखाली उभा राहिला आणि ती दहाही मिनिटे ब्लोअर बिनचूक फिरला.

“साहेब आहेत का घरात?” हा त्याचा पहिला प्रश्न होता. आमचे साहेब म्हणजे ज्यांना रिमोटवरची स्विंगची कळ अद्याप सापडलेली नाही ते गृहस्थ. ते ऑफिसात आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, “मॅडम, टेम्परेचर आलं की पंखा थांबतोच.” आमच्या यंत्रात टेम्परेचर आले की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा फिरत राहतो, असे मी सांगितले. मग तो गॅसवर आला. या शहरात एसीला काहीही झाले तरी गॅस कमी झालेला असतो. वास्तविक हा गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो आणि सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळत असला पाहिजे, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत कॉइल कुजून तो गळतोही, हे मला मान्य आहे. पण गॅस गळाल्याने पंख्याची मोटर कशी थांबेल, एवढेच मी विचारले. त्यावर तो म्हणाला, “साहेब किती वाजता येतात?”

हे सगळे मी जिन्यात, भाजीची पिशवी हातात धरून, खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगितले. काका लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झाले आहेत आणि जगातले कोणतेही यंत्र हा मुळात रेल्वेचा डबाच आहे, असे त्यांचे मत आहे.

“तुला साक्षीदार पाहिजे,” काका म्हणाले. “अगं, डबा वाजतोय अशी तक्रार आली की आम्ही त्या डब्यात बसून विरारपर्यंत जायचो. उभ्या गाडीत काय कळणार?”

त्याच रात्री नऊला काका हजर झाले. हातात एक वही, उदबत्तीचा पुडा, हातभर लांब स्क्रूड्रायव्हर आणि घडी घातलेली शाल होती. शाल पाहून मी सावध व्हायला हवे होते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मी एसी लावला. काकांनी स्टुलावर चढून स्क्रूड्रायव्हरचे टोक एसीच्या पॅनेलला टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. “मोटरच्या दांड्याचं बुश सुकलेलं नाही,” त्यांनी निदान केले. “सुकलं असतं तर चिरकलं असतं.” काकांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे, आणि मूठ त्यांनी डाव्याच कानाला लावली होती.

त्यानंतर त्यांनी उदबत्ती पेटवून एसीच्या तोंडाखाली धरली. धूर कपाटाच्या दिशेने आडवा पळाला. काकांनी वहीत लिहिले, ‘९:१०. धूर आडवा.’ दहा मिनिटांनी पुन्हा उठून लिहिले, ‘९:२०. धूर आडवा.’ माझे यजमान उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

साडेनऊच्या सुमारास काकांनी टन म्हणजे काय ते मला समजावून सांगितले. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी ज्या यंत्राने खेचायची ते एक टनाचे यंत्र, आणि हा टन अमेरिकी, म्हणजे ९०७ किलोंचा. मग त्या ओघात, एकोणिसाव्या शतकात बोस्टनहून जहाजात भरलेला बर्फ आफ्रिकेला वळसा घालून मुंबईत कसा येत असे, तेही सांगितले. अर्ध्या जगाला वळसा घालून बर्फ येऊ शकत होता आणि माझ्या भिंतीवरचा थंडावा तीन फुटांवरच्या पलंगापर्यंत पोहोचत नव्हता. हे मी बोलून दाखवणार तोच लक्षात आले, की शाल हनुवटीपर्यंत ओढून काका घोरत आहेत.

बरोबर दहा वाजून पाच मिनिटांनी पंखा थांबला. काकांच्या बोटांत उरलेल्या उदबत्तीचा धूर सरळ छताकडे निघाला.

“काका! थांबला!”

“कोण?” काका दचकून म्हणाले. मग त्यांनी धूर पाहिला, घड्याळ पाहिले, चष्मा पुसला आणि नोंद केली, ‘१०:०५. धूर उभा. (थांबताना स्वतः पाहिले नाही. घरच्या बाईंचे सांगणे.)’ एकाच दिवसात दुसऱ्यांदा माझ्या शब्दावर लेखी शंका घेण्यात आली होती.

पण वही खोटे बोलत नव्हती. पंखा २० मिनिटांनी आपोआप सुरू झाला आणि अर्ध्या तासात पुन्हा थांबला. शनिवारी पहिली पाळी ५८ मिनिटांची भरली, पुढच्या पाळ्या तशाच आखूड झाल्या. “मोटर तापते,” काका म्हणाले. “तापली की आतला थर्मल स्विच वीज तोडतो, निवली की जोडतो. तो पोरगा दहा मिनिटं उभा राहिला, त्याला काय दिसणार?” ही मात्र त्यांची खरी हुशारी होती.

सोमवारी मेकॅनिक यायच्या आधी दोन तास मी एसी चालू ठेवला. तो आला आणि पाचव्या मिनिटाला, त्याच्या डोळ्यांदेखत, पंखा थांबला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. मी म्हटले, “मोटर तापतेय, पंख्याचा कपॅसिटर मोजा.” त्याने कव्हर उतरवले, वीज बंद केली, काड्यापेटीएवढी काळी डबी सोडवून मीटरला लावली. डबीवर छापले होते १.५ मायक्रोफॅरड, मीटर दाखवत होते ०.८.

“सर, बघा,” तो काकांना म्हणाला. “कपॅसिटर वीक झाला की मोटरला जोर मिळत नाही, ती तापते आणि कट होते. नवीन टाकूनही तापली, तर मग मोटरच गेली समजा.” काकांनी गंभीरपणे मान हलवली. हेच वाक्य शुक्रवारी माझ्या तोंडी अडाणी ठरले असते. ते आता वहीसह एका पुरुषाच्या मांडीवर असल्यामुळे शास्त्र झाले होते. मला काकांचा राग आला नाही असे मी म्हणणार नाही. त्यांनी निदान ‘हिनेच सांगितलं’ एवढे तरी म्हणायला हवे होते.

नव्या कपॅसिटरवर तासभर पंखा न थांबता चालला. मेकॅनिकने शेऱ्याच्या रकान्यात ‘साहेबांसमोर तपासणी केली, फॅन कपॅसिटर बदलला’ असे लिहून पेन काकांच्या हाती दिले, आणि काकांनी वर्कशॉपातल्या सवयीप्रमाणे सही करून खाली तारीखही टाकली.

मग ७६७ रुपयांसाठी त्याने मोबाइलवरचा क्यूआर कोड उघडला आणि कोणालाही न विचारता माझ्यासमोर धरला.