झाडे पाणी पितात, मग मलप्रभेला जंगल कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, मलप्रभा नदीच्या उगमाकडील जंगलावरचा माझा लेख वाचून आपण नदीच्या खालच्या अंगाच्या रामदुर्गहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल आभारी आहे. झाडेच पाणी पितात तर जंगलामुळे नदीला पाणी टिकते हे कसे मानायचे, शेजारच्या जिल्ह्यातील चिमुकल्या पाणलोटांवरचे संशोधन आमच्या नदीला का लावायचे, तोच पैसा बंधाऱ्यांवर का घालू नये आणि उगमाकडच्या खानापूर तालुक्यात एवढे जंगल असताना ऑगस्ट २०१९ मध्ये रामदुर्गात पाणी कसे शिरले, असे आपले आक्षेप आहेत.

झाडे पाणी पितात, याबद्दल वाद नाही. निलगिरी पर्वतावर गवताळ कुरणे आणि शोला जंगल (घळींतले दाट, बुटके जंगल) असलेल्या पाणलोटात निलगिरीची झाडे लावली, तेव्हा पहिल्या दहा वर्षांत तिथल्या ओढ्याचे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटले. मात्र ती गवताळ माती आधीच पाणी चांगले मुरवत होती; झाडांनी मुरण्यात फारशी भर घातली नाही, उपसा तेवढा वाढवला. जिथे चराई, सरपणतोड आणि पाला ओरबाडणे यांमुळे जमीन तुडवून घट्ट झाली आहे, तिथला जमाखर्च वेगळा निघतो. हा जमाखर्च जगदीश कृष्णस्वामी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यात २००३ ते २००५ या काळात मोजला. मूळचे सदाहरित जंगल, त्याच जंगलाची उजाड झालेली जमीन आणि अशा उजाड जमिनीवर लावलेला अकेशिया (बाभळीच्या कुळातले परदेशी झाड) अशा तिन्ही प्रकारांची ११ पाणलोटे त्यांनी निवडली होती. घाटमाथ्यावर पावसाळी पावसापैकी भूजलात गेलेला वाटा जंगलात ६१ टक्के, अकेशियात ५५ टक्के आणि उजाड जमिनीवर ३६ टक्के इतका आला. किनारपट्टीवर हेच आकडे ५०, ४६ आणि ३५ होते.

या फरकाचे कारण आपल्या आक्षेपाच्या मुळाशी जाते. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले आणि हवा दमट असल्यामुळे त्या काळात जंगल असो वा माळ, बाष्परूपाने उडून जाणारे पाणी जवळजवळ सारखेच असते. म्हणून किती पाणी मुरणार, हे झाडाच्या तहानेवर नव्हे, तर सरीनंतर लगेच ओढ्याला लागून किती पाणी वाहून जाते यावर ठरते. झाड पाणी पिते ते पुढे, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. पण तोवर जमिनीत साठाच कमी झाला असेल तर पिणारे झाड नसल्याचा ओढ्याला कितीसा फायदा होणार?

हे आकडे खानापूर तालुक्यातील, मलप्रभेच्या उगमाकडच्या कणकुंबी-जांबोटीला जसेच्या तसे लागू होतात, असा माझा दावा नाही. ती पाणलोटे ७ ते २३ हेक्टरांची होती आणि मलप्रभेचे खोरे सुमारे साडेअकरा हजार चौरस किलोमीटरचे आहे, ही आपली शंका रास्त आहे. तरीही पावसाची तऱ्हा, घाटमाथ्याची माती आणि जंगलाचा पोत यांत खानापूरचा पश्चिम भाग उत्तर कन्नडला जितका जवळचा आहे तितका याच खोऱ्यातल्या कमी पावसाच्या सवदत्तीलाही नाही, म्हणून त्या भागापुरता हा दाखला मी ग्राह्य मानतो. अकेशियाच्या ५५ टक्क्यांचा आधार घेऊन जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे मुळातच उघड्या खडकाळ पठारांवर, खड्डे खणत सुटावे, असेही त्यातून निघत नाही (वृक्षारोपणाच्या समारंभांना मात्र असा आधार नेहमीच हवा असतो). ती तुलना उजाड झालेल्या वनजमिनीशी होती.

बंधाऱ्यांबाबत आपले म्हणणे रामदुर्ग-सवदत्तीच्या कमी पावसाच्या काळ्या जमिनीसाठी मला पटते. तिथे शेततळी आणि बंधारे हाच मार्ग आहे. पण माथ्यावरची माती सैल आणि उघडी राहिली तर खालचा बंधारा काही पावसाळ्यांत गाळाने भरतो, म्हणूनच पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात.

राहिला २०१९ चा पूर. दिवसचे दिवस मुसळधार पाऊस पडून माती पूर्ण भिजली की जंगलातली जमीनही आणखी पाणी घेत नाही, आणि त्यातच रामदुर्गच्या वरचे, मलप्रभेवरील नविलुतीर्थ धरण भरून विसर्ग करावा लागला की पुढचे सारे धरणाच्या दारांवर अवलंबून असते. त्या पातळीचा पूर जंगल थांबवील, असे मी लिहिलेले नाही. जंगलाचा उपयोग मी सांगितला होता तो दिवाळीनंतर ओढे किती दिवस वाहतात यासंबंधी, आणि त्या विधानावर मी आजही ठाम आहे.